तांब्याची साक्ष

१६७० च्या हिवाळ्यात मराठी फौज वऱ्हाडात शिरली आणि तिने कारंजा लुटलं. कारंजा तेव्हा मोगली अमलाखालची भरभराटीची पेठ होती. जदुनाथ सरकारांनी दिलेल्या हकिकतीनुसार उंची कापड, सोनं आणि चांदी असा कोटभर रुपयांचा ऐवज ४,००० बैलांवर आणि गाढवांवर लादून नेला गेला. पेठेतले धनिक खंडणीसाठी धरले गेले. एक जण मात्र बायकी वेशात निसटला, कारण ही फौज बाईमाणसाला हात लावत नाही अशी तिची ख्याती होती. स्वारीवर स्वतः शिवाजी महाराज होते की त्यांचे सेनापती प्रतापराव गुजर, यावर इतिहासकारांचं एकमत नाही, आणि त्यात नवल काही नाही. राजाला चेहऱ्याने ओळखेल असा माणूस त्या पेठेत असण्याचं कारणच नव्हतं. वाटेवरच्या गावांच्या अंमलदारांकडून फौजेने चौथाई देण्याचे लेखी कबुलीनामे घेतले. म्हणजे गाव बांधलं गेलं ते कागदावरच्या नावाशी. आज कारंज्याला लागून असलेल्या मानोरा तालुक्यात, इंझोरीसारख्या गावात, पहिलीतलं पोरही तोच राजा लांबून ओळखतं, आणि ओळखतं ते चेहऱ्यावरून: टोकदार नाक, दाढी, मंदिलावरचा तुरा. नावाने ओळखला जाणारा राजा चेहऱ्याने ओळखला जाऊ लागला, या बदलाच्या मधोमध तांब्याचा एक पत्रा आहे. त्या पत्र्यावर जे कोरलं गेलं त्याची साक्ष किती आणि कशाबद्दल मानायची, एवढाच इथे प्रश्न आहे. माझं म्हणणं असं की कोरीव चित्राला आपण चेहरा समजून पाहतो आणि तिथेच फसतो. ते पोथीसारखं वाचायला हवं: कोणी उतरवलं, कशावरून उतरवलं, कोणासाठी उतरवलं. असं वाचलं तर ते चेहऱ्याबद्दल थोडं कमी सांगतं, पण त्या काळाबद्दल बरंच जास्त सांगतं.

तांब्यावर कोरणं ही वाशिमच्या मातीला परकी गोष्ट नाही. वाशिम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. या शाखेतल्या दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट वाशिमलाच १९३९ मध्ये उजेडात आला आणि महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांच्या अभ्यासामुळे वाकाटकांच्या इतिहासातलं एक हरवलेलं पान परत जागेवर बसलं. चौथ्या शतकातल्या या पत्र्यांवर राजा आपली ओळख कशी देतो ते पाहण्यासारखं आहे. आधी आजोबा प्रवरसेन, मग वडील सर्वसेन, मग स्वतः. मग दिलेलं गाव, ते कोणत्या विभागात, घेणारे ब्राह्मण कोण, आणि राज्याचं वर्ष ३७. भाषा काही संस्कृत, काही प्राकृत. रूपाबद्दल एक अक्षर नाही. विंध्यशक्तीचा पिता सर्वसेन नुसता राजा नव्हता. ‘हरिविजय’ या प्राकृत काव्याचा तो कर्ता. ते काव्य आज हाती नाही, पण अलंकारशास्त्रकारांनी त्याचा आदराने उल्लेख केल्यामुळे कवी टिकून राहिला. काव्याच्या एका रीतीला तर या नगरीवरूनच ‘वच्छोमी’ असं नाव पडलं. इतका मोठा कवी-राजा, आणि त्याचा चेहरा कोणी कोरला नाही. तशी कोणाला गरजही वाटली नाही. माणसाची ओळख वंश, दान आणि वचन यांत असते, अशी ती धारणा होती, आणि तांब्याचं काम ती ओळख कुजू न देणं हे होतं.

त्याच धातूला युरोपात सतराव्या शतकात वेगळं काम मिळालं. तिथे छापील पुस्तकाच्या सुरुवातीला लेखकाचं कोरीव चित्र घालायची चाल रूढ झाली. जॉन वीव्हर हे त्यातलं एक बोलकं उदाहरण. लँकेशायरात जन्मलेला, केंब्रिजमध्ये शिकलेला हा माणूस तरुणपणी कवी होता. १५९९ मध्ये त्याचा चुटक्यांचा संग्रह निघाला आणि त्यात शेक्सपिअरला उद्देशून लिहिलेली एक कविता आहे. पुढे त्याला जुन्या वस्तूंचं वेड लागलं. धर्मक्रांतीनंतर इंग्लंडमधल्या चर्चांत जुन्या समाध्यांची मोडतोड चालली होती, थडग्यांवरचे पितळी पत्रे लोक धातूच्या मोलाने उचकटून नेत होते. वीव्हर गावोगाव हिंडून त्यांवरचे लेख उतरवून घेत राहिला आणि १६३१ मध्ये त्याने त्यांचा जाडजूड ग्रंथ काढला. त्या ग्रंथाच्या तोंडाशी टॉमस सेसिल या कोरक्याने केलेलं त्याचं चित्र आहे: पंचावन्न वर्षांचा वीव्हर, हात कवटीवर टेकवलेला, खाली त्याचं जन्मस्थान आणि शिक्षण सांगणाऱ्या ओळी. पुढच्याच वर्षी तो वारला. ज्याने इतरांच्या नावांचे पत्रे वाचवले त्याने स्वतःसाठी पत्र्यावर नावाबरोबर चेहराही ठेवला. इथे चित्र आणि माणूस यांच्यात अंतर जवळजवळ नाही: कोरलं तेव्हा माणूस हयात होता आणि पुस्तक त्याचंच होतं. तरीही ते चित्र म्हणजे वीव्हरने निवडलेला वीव्हर आहे. कवटीवर हात टेकवून तो कधी बसला असेल नसेल. वाचकाने आपल्याला मृत्यूचा टिपणकार म्हणून ओळखावं, ही त्याची इच्छा मात्र त्या हातात पक्की उतरली आहे.

अंतर शून्य असलं म्हणून चित्र हुबेहूब असतं असंही नाही. १६४५ मध्ये मिल्टनच्या कवितांच्या पुस्तकात विल्यम मार्शलने कोरलेलं कवीचं चित्र छापलं गेलं. ते इतकं बेढब होतं की मिल्टनने खाली चार ग्रीक ओळी घालायला दिल्या आणि त्या मार्शलनेच इमानेइतबारे कोरल्या. त्या ओळींत त्याच्याच कामाची टर उडवलेली होती. बिचाऱ्याला ग्रीक येत नव्हतं. कवी हयात, पुस्तक त्याचं, कोरक्या नावाजलेला, आणि तरीही माणूस म्हणतो की हा मी नव्हे. हा प्रसंग विनोदी असला तरी त्यातला धडा गंभीर आहे. तांब्यावर उमटलेली रेघ ठाम दिसते. पोलादी टोकाने कापलेली असल्यामुळे तिच्यात शंकेला जागा दिसत नाही. तो ठामपणा हातोटीचा असतो, साक्षीचा नसतो. ताम्रपटाबाबत आपण हे केव्हाच शिकलो आहोत. बनावट ताम्रपट निघतात, म्हणून अक्षरवटिका, भाषा, वंशावळ आणि पत्रा कुणाच्या घरातून आला हे तपासल्याशिवाय कुठलाही अभ्यासक त्याच्यावर विसंबत नाही. चित्राबाबत मात्र हा सावधपणा आपण घराबाहेर ठेवतो.

आता महाराजांच्या चित्राकडे येऊ. फ्रांस्वा व्हॅलेंटाइन हा डच धर्मोपदेशक. त्याचं पूर्वेकडचं वास्तव्य बहुतांशी आंबोन बेटावर आणि जावात गेलं. मायदेशी परतल्यावर त्याने डच ईस्ट इंडिया कंपनीचे कागद, प्रवासवर्णनं आणि इतरांचे संग्रह वापरून पूर्वेकडच्या डच व्यापाराचा प्रचंड ग्रंथ रचला. तो १७२४ ते १७२६ या वर्षांत डोर्ड्रेख्ट आणि ॲमस्टरडॅम इथे छापला गेला. त्यात हिंदुस्थानातल्या राज्यकर्त्यांची कोरीव चित्रं आहेत आणि त्यांत शिवाजी महाराजांचंही आहे. महाराजांचं निधन ३ एप्रिल १६८० चं. म्हणजे छापील चित्र किमान चव्वेचाळीस वर्षांनंतरचं, सात समुद्रांपलीकडचं, आणि महाराजांना पाहण्याचा प्रश्नच नसलेल्या हातांचं. एवढ्यावरून ते टाकाऊ ठरत नाही, कारण ही माळ मागे जाते. सतराव्या शतकाच्या आठव्या-नवव्या दशकांत गोवळकोंड्याच्या चितारी लोकांकडून राजे-सरदारांच्या चित्रांचे संच युरोपी लोक विकत घेत. ॲमस्टरडॅमचा महापौर निकोलास विट्सेन याच्या संग्रहातली अशी जवळपास पन्नास चित्रं आज रिक्स म्युझियममध्ये आहेत. महाराजांचं चित्र त्यांत आहे. व्हेनिसचा निकोलाओ मनुची १६६५ मध्ये मोगल सेनापती जयसिंगाच्या छावणीत महाराजांना भेटला होता. त्याने मीर मुहम्मद नावाच्या चितारीकडून असाच एक संच करवून घेतला आणि तो पुढे पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात गेला. त्यात महाराज घोड्यावर आहेत. डच पुस्तकातलं कोरीव चित्र हे या कुळातलं आहे: दख्खनी कागदावरून डच तांब्यावर आणि तांब्यावरून पुन्हा कागदावर.

या चित्राची मराठी वाचकाशी ओळख झाली ती १९३३ मध्ये, वा. सी. बेंद्रे यांच्यामुळे. त्याआधी मनुचीच्या संग्रहातल्या चित्रांची नावं उलटसुलट होऊन इब्राहिम खान नावाच्या सरदाराचं चित्र महाराजांचं म्हणून छापलं जात होतं. बेंद्र्यांनी ही गफलत उघड केली आणि डच कोरीव चित्र पुढे आणलं. गंमत अशी की त्याच १९३३ सालात कारंज्यात एक वेगळं, पण नात्याने जवळचं काम पुरं झालं. कारंज्याच्या जैन भांडारांतल्या पोथ्यांच्या आधारे अमरावतीचे प्रा. हीरालाल जैन यांनी दहाव्या शतकातल्या पुष्पदंत कवीचं ‘णायकुमारचरिउ’ हे अपभ्रंश काव्य संपादून प्रसिद्ध केलं. असं संपादन कसं होतं? संपादक निरनिराळ्या पोथ्या समोर ठेवतो, प्रत्येकीची पुष्पिका, म्हणजे शेवटची नोंद, वाचतो, लेखनिकाचं नाव, साल, गाव आणि कोणासाठी लिहिली हे टिपतो. मग कुठली पोथी कुठल्या पोथीवरून उतरली ते ठरवतो आणि पाठभेद तळटिपेत देतो. बेंद्र्यांकडेही आणि कारंज्यातही त्या वर्षी एकाच रोगावर इलाज चालला होता: नक्कल करता करता शिरलेली चूक. फरक असा पडला की पोथीच्या बाबतीत आपण पद्धत उचलली, चित्राच्या बाबतीत फक्त निकाल उचलला. ‘खरं चित्र सापडलं’ एवढंच लोकांपर्यंत पोचलं, आणि खरं म्हणजे कशाअर्थी खरं, ही तळटीप गळाली.

ती तळटीप लिहायची तर पाठचिकित्सेचा पहिला नियम लावावा लागेल: एकाच पोथीवरून दहा पोथ्या उतरल्या असतील तर साक्षीदार दहा नसतात, एकच असतो. विट्सेनचा संच, मनुचीचा संच आणि व्हॅलेंटाइनचं कोरीव चित्र यांत दाढी, नाक आणि तुरा जुळतात म्हणून तीन साक्षी जमल्या, असं म्हणता येत नाही. दख्खनी चितारींच्या पेढीवर खाके, म्हणजे तयार नमुने, वापरून एकच मुद्रा पुन्हा पुन्हा उतरवली जाई. जुळणं हे एका घराण्याचं लक्षण आहे. मग त्या घराण्याचा मूळ पुरुष कोण? इथे एक गोष्ट चित्राच्या बाजूने बोलते. १६७७ च्या आरंभी, कर्नाटकच्या मोहिमेवर निघताना, महाराज अबुल हसन कुतुबशहाच्या भेटीला हैदराबादेत आले आणि काही आठवडे तिथे राहिले. मादण्णा-आकण्णा या कारभाऱ्यांच्या त्या शहरात त्यांची मिरवणूक निघाली, दरबार भरले. गोवळकोंड्याच्या चितारींना महाराज दिसण्याची याहून चांगली संधी कोणती? चित्रांच्या या कुळाचा उगम प्रत्यक्ष दर्शनापर्यंत पोचत असणं त्यामुळे बरंच संभाव्य ठरतं. संभाव्य हा शब्द मी जपून वापरतो. सुरतेत किंवा आग्र्यात रंगवलेल्या दुसऱ्या कुळाचं चित्र याच्याशी जुळलं असतं तर त्याचं वजन वेगळं झालं असतं.

दुसरा नियम नकलेच्या साधनाचा आहे. पोथी उतरवणाऱ्याच्या चुका हाताच्या असतात: ओळ गळते, ‘व’चा ‘ब’ होतो. तांब्याची चूक यंत्राची असते. गुळगुळीत केलेल्या पत्र्यावर कोरक्या टोकदार पोलादी सळईने रेघा कापतो, त्यांत शाई भरतो, वरची शाई पुसून काढतो आणि ओलसर कागद दाबून छाप घेतो. रेघेत राहिलेली शाई कागदावर येते आणि चित्र उलटं उमटतं. कोरताना मुद्दाम आरसा लावून उलटं कोरलं नाही तर डावीकडे पाहणारा उजवीकडे पाहू लागतो, उजव्या हातातली तलवार डाव्या हातात जाते. आता जाम्याच्या बंदांचा विचार करा. मोगली आणि दख्खनी चित्रांत हिंदू माणसाच्या जाम्याचे बंद डाव्या बगलेशी बांधलेले दिसतात, मुसलमानाचे उजव्या. अनोळखी चित्राची ओळख पटवताना अभ्यासक या बारीक खुणेवर बरीच भिस्त ठेवतात. एकदा छापताना चित्र उलटलं की हीच खूण खोटं बोलू लागते, आणि तेही कुणाच्या लबाडीशिवाय. नाव बदलायला बेशिस्त संग्राहक लागतो. धर्म बदलायला नुसता छापखाना पुरतो. शिवाय काळ्या रेघांत रंग नसतो. महाराज गोरे होते की सावळे, याबद्दल तांबं बोलूच शकत नाही.

इथे पहिला आक्षेप येतो. चित्र एकटं नाही, लेखी वर्णनं त्याला दुजोरा देतात, मग एवढी शंका कशाला? वर्णनं खरोखर आहेत आणि ती चांगली आहेत. जानेवारी १६६४ मध्ये सुरतेची पहिली लूट झाली. तिथल्या इंग्रज वखारीचा पाद्री एस्कॅलियट याने लगोलग ती हकिकत इंग्लंडला कळवली, आणि कळवली कुणाला तर नॉर्विचच्या सर टॉमस ब्राउनला. ब्राउन हा वैद्य आणि पुराणवस्तूंचा नादिष्ट. जमिनीत सापडलेल्या अस्थिकलशांवर त्याने १६५८ मध्ये लिहिलेला निबंध इंग्रजी गद्याचा मानदंड मानला जातो. पाद्री लिहितो ते असं: माणूस ठेंगणा, माझ्याहून थोडा कमी उंचीचा, पण ताठ आणि प्रमाणबद्ध, नजर चपळ, भेदक, बोलताना हसल्यासारखा वाटतो, आपल्या लोकांपेक्षा गोरा. फ्रेंच प्रवासी थेव्हेनो १६६६ मध्ये सुरतेत होता. तोही ठेंगणा आणि पाणीदार डोळ्यांचा म्हणतो, पण रंग सावळा सांगतो. त्याच वर्षी आग्र्याहून राजस्थानी भाषेत परकालदासाने लिहिलेल्या पत्रात देह लहानखुरा, वर्ण अतिशय गोरा, दाढी राखलेली, आणि न सांगताही हा राजा आहे हे कळावं असा रुबाब, असं वर्णन आहे. आता हे चित्राशी ताडून पाहा. उंची अर्ध्या देहाच्या चित्रातून कळत नाही, रंग काळ्या शाईत उतरत नाही, हसू नाही. जुळतं ते दाढीपाशी आणि थोडंफार नजरेपाशी. म्हणजे वर्णनं ज्या गोष्टी सांगतात त्या सांगायला तांबं असमर्थ, आणि तांबं जे सांगतं, नाकाची धार, भुवईची कमान, त्याबद्दल वर्णनं गप्प. याला दुजोरा म्हणत नाहीत. दोन साक्षीदार दोन वेगळ्या प्रश्नांना उत्तरं देत आहेत. शिवाय एस्कॅलियट स्वतःच्या डोळ्यांचा हवाला देत नाही, पाहणाऱ्यांच्या तोंडचं सांगतो. त्याचा मोठेपणा हा की तो हे लपवत नाही.

दुसरा आक्षेप जास्त मुद्द्याचा आहे. ताम्रपट हा हक्काचा दस्तऐवज, त्यावर जमीन मिळते नि जाते. चित्र हा बाजारातला माल. दोघांना एका मापाने मोजणं बरोबर आहे का? मला वाटतं, माल आहे म्हणूनच ते मोजता येतं. मालाला गिऱ्हाईक असतं आणि गिऱ्हाइकाची मागणी हा पुरावा असतो. युरोपी खरेदीदाराला सुटं चित्र नको होतं, संच हवा होता: दिल्लीचे बादशहा, विजापूरचे आदिलशहा, गोवळकोंड्याचे कुतुबशहा, नामांकित वजीर आणि सेनापती. त्या रांगेत कोणाला बसवायचं हे चितारी ठरवत आणि ते चुकून चालत नसे, कारण रांग चुकली तर संच खपत नाही. ६ जून १६७४ रोजी रायगडावर राज्याभिषेक झाला. औरंगजेबाच्या दरबारी लिखाणात त्यानंतरही महाराज बंडखोरच राहिले. पण त्यानंतर दहा-बारा वर्षांत, मोगलांच्या घशात जाऊ घातलेल्या गोवळकोंड्यात, एका मुसलमान राज्यातल्या चितारींच्या पेढीवर शिवाजी महाराज राजांच्या रांगेत बसलेले आहेत. कुठल्याही बखरीने सांगण्याआधी बाजाराने त्यांचं राजेपण मान्य केलेलं आहे. माझ्या मते डच तांब्याची ही सगळ्यात मोलाची साक्ष आहे, आणि नाक कसं होतं या वादात ती कायम दुर्लक्षित राहते. वाशिमचा ताम्रपट जसा एका गावाच्या दानापेक्षा एका विसरलेल्या राजशाखेचं अस्तित्व सिद्ध करून गेला, तसंच हे. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातल्या लेखात सर्वसेनाचं नाव पूर्वी नीट वाचलं गेलं नव्हतं. ताम्रपट हाती आल्यावर मिराशींना ते लागलं. दस्तऐवज ज्यासाठी केला जातो त्यापेक्षा वेगळ्याच गोष्टीची साक्ष तो बहुधा जास्त भरवशाने देतो.

तिसरा आक्षेप श्रद्धेचा. लोकांना हा कीस नको असतो. विठ्ठलाचा चेहरा कोणी पाहिला? तुकोबांचं कोणतं चित्र समोर बसवून काढलेलं आहे? मग एका चेहऱ्यावर महाराष्ट्राचं मन जडलं आहे तर त्यात खोट कशाला काढायची? खोट काढायची नाहीच. कोल्हापूरचे चित्रकार जी. कांबळे यांनी रंगवलेलं महाराजांचं चित्र राज्य शासनाने अधिकृत म्हणून स्वीकारलं, कचेऱ्या-शाळांतून लावलं, आणि त्यामागे जुन्या चित्रांचा अभ्यास व कलावंताची दृष्टी दोन्ही आहेत. वंदनाचं चित्र आणि साक्षीचं चित्र यांची कामं वेगळी आहेत. कीर्तनातला प्रसंग आणि महजरातला मजकूर यांत आपण गल्लत करत नाही, आणि त्यामुळे कीर्तन कमी रसाळ होत नाही. उलट आठवावं असं आहे की खुद्द महाराजांच्या राज्याने त्यांचा चेहरा कुठेच फिरवला नाही. त्याच काळात इंग्लंडच्या नाण्यावर राजाचं मुंडकं होतं. महाराजांच्या शिवराई या नाण्यावर एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ एवढीच अक्षरं आहेत. हेही तांबंच. वऱ्हाडातल्या बाजारात कधी ही शिवराई हाती पडली असेल तर तिने राजा दाखवला नाही, वाचून दाखवला. चौथ्या शतकातल्या विंध्यशक्तीच्या पत्र्याशी तिचं नातं डच पत्र्यापेक्षा जवळचं आहे. चेहऱ्यावाचून राज्य चालत होतं, इतकंच नव्हे, तर त्याला चेहऱ्याची उणीव भासत नव्हती.

राहिला शेवटचा आक्षेप: एवढी चाळणी लावली तर हाती उरतं काय? उरतं ते असं. सतराव्या शतकाच्या शेवटी दख्खनमध्ये महाराजांची एक ठरावीक मुद्रा प्रचारात होती आणि ती कुणा एकाच्या कल्पनेतून निघालेली नसावी, कारण ज्या शहरात ती घडली तिथे ते काही आठवडे राहिले होते. दाढीबद्दल चित्र आणि आग्र्याचं पत्र एकमेकांना आधार देतात. राजांच्या रांगेतली जागा पक्की आहे. बाकीच्यावर ‘पाठ संदिग्ध’ एवढं लिहून पुढे जायला लाज वाटायचं कारण नाही. हीरालाल जैनांनी ते पानोपानी केलं आणि त्याने पुष्पदंताची पत वाढली. म्हणून करायला हवं ते फार साधं आहे. इंझोरीच्या काय किंवा वाशिमच्या काय, शाळेच्या भिंतीवर महाराजांचं चित्र असेल त्याच्या चौकटीखाली पोथीला असते तशी पुष्पिका असावी: चित्रकार अमुक, साल अमुक, आधार गोवळकोंड्याच्या चितारींचं चित्र, मध्यस्थ डच छाप. दोन ओळींचं काम. त्या दोन ओळी वाचणाऱ्या मुलाला महाराज लहान वाटणार नाहीत. पुरावा म्हणजे काय असतो हे मात्र दहावीच्या आधी कळेल.

आणि त्याला आणखी एक गोष्ट सांगता येईल, जी त्याच्याच शेजारच्या गावात आहे. कारंज्याच्या भांडारांनी जपलेला पुष्पदंत मान्यखेटात, राष्ट्रकूटांच्या आश्रयाने राहिला. त्याचं चित्र कोणी रंगवलं नाही, कोणी कोरलं नाही. पण आपल्या काव्यात त्याने स्वतःचं वर्णन करून ठेवलं आहे: अंगाने किडकिडीत, रंगाने काळा, दिसायला कुरूप, आणि तोंडावर कायम हसू. लेखनिकांच्या पिढ्यांनी ते वर्णन हजार वर्षं उतरवत आणलं. अक्षरं बदलली, कागद बदलला, हसू गळलं नाही. सुरतेच्या पाद्र्याने ऐकून टिपलेलं महाराजांचं हसूही असंच एका पत्रात शाबूत आहे. डच कोरक्याच्या हाती ते आलं नाही, आणि आजच्या पुतळ्यांत आणि दिनदर्शिकांत तर महाराजांनी हसायचं नसतं असाच संकेत पडला आहे. तांब्याने आपल्याला नाक दिलं, दाढी दिली, तुरा दिला. माणूस बोलताना कसा दिसायचा हे विचारायचं असेल, तर पुन्हा कागदाकडेच जावं लागतं.